जुनी मोझेक लादी उखडायची की वरूनच नवी फरशी बसवायची?

ताई, तुमचा प्रश्न आधी एकदा माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. डोंबिवलीत १९८९ सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर. स्वयंपाकघर ८ बाय १०. खाली मूळची मोझेक लादी आणि कोपऱ्यात भांडी घासायची मोरी. आता मोरी काढून सगळीकडे सपाट फरशी, नवा ओटा आणि ट्रॉल्या करायच्या आहेत. कंत्राटदार म्हणतो, उखडायची गरज नाही, केमिकल (फरशी चिकटवायचा तयार मसाला) लावून वरून व्हिट्रिफाइड फरशी बसवतो, चार दिवसांत मोकळे. तुम्हाला २ बाय ४ ची पांढरी चकचकीत फरशी आवडली आहे. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत, अजून खाली बसून विळीवर भाजी चिरतात. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय की खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला एका कोपऱ्यात ओल दिसते, पण ती पावसाळ्यातली असेल.

माझ्या दृष्टीने तुमच्या अख्ख्या प्रश्नातलं ते शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. फरशी कुठली, केवढी, कुठल्या रंगाची हे सगळं नंतर. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या जुन्या इमारतींत मी वर्षानुवर्षं हीच कामं करतो आहे आणि माझा अनुभव असा की स्वयंपाकघराची फरशी खराब फरशीमुळे क्वचितच बिघडते. ती बिघडते खालच्या पाण्यामुळे, खालच्या पोकळीमुळे आणि घाईमुळे. तेव्हा आधी खालचं बघू.

तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर पावसाचं पाणी थेट पडत नाही. पावसाळ्यात ओल दिसते ती बाहेरच्या भिंतीतून झिरपलेली असू शकते, आणि मोरी बहुतेक वेळा बाहेरच्या भिंतीलाच असते, कारण सांडपाण्याचे पाइप बाहेरून उतरतात. म्हणून नुसतं कोपरा बघून भिंत दोषी की मोरी, हे कोणीच सांगू शकत नाही. काकूंना विचारा, फेब्रुवारी-मार्चमध्ये डाग सुकतो का? सुकत असेल तर संशय भिंतीवर. बारा महिने ओलसर राहत असेल, रंगाचे पोपडे सुटत असतील, तर संशय तुमच्या मोरीवर किंवा नळाच्या लाइनवर.

तपासायची पद्धत साधी आहे, फक्त धीर लागतो. काकूंच्या छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून बाजूला तारीख लिहा. मग आठवडाभर मोरी पूर्ण बंद. भांडी सिंकमध्ये घासा, फरशी पुसा, पण मोरीत थेंब नको. ओल रेघेच्या आत सरकू लागली तर गळती मोरीच्या तळातून किंवा नहाणी ट्रॅपच्या (मोरीतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या वळणदार भांड्याच्या) जोडातून. मात्र ओल लगेच आटेल अशी अपेक्षा ठेवू नका. मोरीखालच्या विटांच्या कोब्यात मुरलेलं पाणी आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. काहीच फरक पडला नाही तर प्लंबरकडून पाण्याच्या लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. सगळे नळ बंद करून लाइनला हातपंप लावतात आणि काटा उतरतो का ते बघतात. त्या काळातल्या इमारतींत जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप असतात. ते भिंतीत किंवा लादीखालच्या मसाल्यात गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी दिवसरात्र पाणी चालू राहतं, आणि वरून काहीही दिसत नाही. दोन्हींतून काही निघालं नाही तर ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून मोरीत २४ तास पाणी उभं करा आणि खाली नजर ठेवा.

ही एवढी खटपट का, तर केमिकल लावून वरून फरशी बसवली की ही गळती बंद होत नाही, झाकली जाते. सहा महिन्यांनी काकू तक्रार घेऊन येतील तेव्हा तुमची नवी फरशी आणि नव्या ट्रॉल्या दोन्ही काढाव्या लागतील. शिवाय शौचालय, सिंक वगैरेंतून होणारी आतली गळती सदस्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतच आहे. म्हणजे खर्च टळत नाही, फक्त दुप्पट होतो.

आता मोरीबद्दल. "मोरी काढून टाकतो" हे कंत्राटदार ज्या सहजतेने म्हणतात त्या सहजतेने ती निघत नाही. मोरीखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्यात बिडाचा नहाणी ट्रॅप बसवलेला असतो आणि त्याचा पाइप भिंतीतून बाहेर गेलेला असतो. घाईचं काम म्हणजे मोरीचा कठडा फोडायचा, तोच राडारोडा खड्ड्यात भरायचा, वरून सिमेंट फिरवायचं आणि फरशी लावायची. ट्रॅप आत तसाच. असं गाडलेलं काम उघडताना मी काय काय बघितलंय सांगू? पस्तीस वर्षांचा तेलकट गाळ, कुजून काळा पडलेला कोबा, आणि ट्रॅपच्या मानेशी बोट जाईल एवढी फट. वर चकाचक फरशी. अशा एका घरात रोज रात्री सिंकखाली झुरळं निघायची आणि दोन वर्षं पेस्ट कंट्रोलवर पैसे जात होते. ट्रॅपमध्ये जे पाणी उभं राहतं तेवढाच वासाला आणि झुरळांना अडसर असतो. वापर थांबला की ते पाणी सुकतं आणि ड्रेनेजची वाट थेट घरात उघडते.

म्हणून मोरीचा भाग आणि तिच्या सभोवतालची फूटभर लादी स्लॅबपर्यंत उखडायचीच, ओल असो वा नसो. ट्रॅप काढायचा. पाइपचं तोंड एकतर बाहेरून कायमचं बंद करायचं, नाहीतर नव्या सिंकच्या आउटलेटसाठी वापरायचं. स्लॅब उघडी पडली की सळ्या दिसतात का, गंजल्यात का ते बघा. गंजल्या असतील तर तिथे कंत्राटदाराचा शब्द पुरेसा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मग सिमेंट-पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि भिंतीवर किमान फूटभर वर चढवलेला. भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई करूनच हात मारायचा, कारण काटकोनात थर पातळ पडतो आणि तिथेच तडकतो. कोट सुकला की पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायचं. खालून कोरडं असेल तरच वर भराव आणि मसाला. ही पाणी भरायची चाचणी कंत्राटदाराला सगळ्यात नकोशी असते, कारण त्या दिवशी कामगार बसून राहतात. करारात लिहून घ्या.

उरलेल्या लादीचं काय? इथे मात्र तुमचा कंत्राटदार चुकीचं सांगत नाही. जुन्या मोझेकवर नवी फरशी लावणं हा जुगाड नाही, नीट केलं तर चांगलं काम आहे, आणि जुन्या इमारतीत त्याचा एक मोठा फायदा म्हणजे हातोडे कमी चालतात. फक्त तीन गोष्टी जमायला हव्यात.

पहिली, लादी खाली घट्ट चिकटलेली हवी. रात्री घर शांत असताना लाकडी दांडा किंवा जड चमचा घेऊन प्रत्येक लादीवर चार कोपरे आणि मध्य असं ठोकत जा. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांतला फरक पहिल्या दहा लाद्यांत कानाला कळतो. पोकळ लादीवर खडूने फुली करा. दोन-चार फुल्या विखुरलेल्या असतील तर तेवढ्याच काढून मसाला भरता येतो. पाव भागाहून जास्त फुल्या पडल्या किंवा एका सलग पट्ट्यात पडल्या, तर माझं मत सरळ उखडा. नवी फरशी जुनीला कितीही घट्ट चिकटो, जुनीच हलत असेल तर दोघी मिळून हलणार.

दुसरी, लेव्हल. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी उभी-आडवी-तिरपी ठेवून खाली किती फट दिसते ते बघा. तीन-चार मिलिमीटरपर्यंत ठीक. मधेच सेंटीमीटरभर खोलगट असेल तर आधी लेव्हलिंगचा थर द्यावा लागेल. केमिकल जाड थापून खड्डा भरायचा नसतो, ते पातळ थरासाठीच बनवलेलं असतं.

तिसरी, उंची. केमिकल ३ ते ५ मिलिमीटर, फरशी ९ ते १०, म्हणजे जमीन अर्धा इंच वर येणार. स्वयंपाकघराचं दार असेल तर खालून कापावं लागेल. हॉलकडे जाताना अर्ध्या इंचाची पायरी तयार होईल आणि अर्ध्या इंचाची पायरी ही पूर्ण पायरीपेक्षा वाईट, कारण ती डोळ्याला दिसत नाही आणि अंगठा अडकतो. सासूबाईंसाठी तिथे ग्रॅनाइटची उतरती पट्टी करून घ्या, कड गोल घासलेली आणि रंगाने उठून दिसणारी. ड्राय बाल्कनी असेल तर ती स्वयंपाकघरापेक्षा खालीच राहिली पाहिजे, तिथे वर फरशी चढवून लेव्हल एक करू नका.

वजनाचीही शंका तुम्ही काढली आहे, ती रास्त आहे. १० मिलिमीटरची व्हिट्रिफाइड आणि खालचं केमिकल मिळून एका चौरस मीटरला अंदाजे २८ ते ३० किलो होतात. घराची स्लॅब ज्या वापराच्या भारासाठी धरतात तो भारतीय मानकांनुसार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास असतो. त्यामुळे सुस्थितीतल्या स्लॅबला एवढ्याने काही होत नाही. पण मोझेकवर आधीच कोणी एक थर चढवला असेल तर तिसरा थर नको. आणि इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असेल तर त्यात काय शेरा आहे ते सोसायटीच्या ऑफिसात बघून घ्या. तीस वर्षांपुढच्या इमारतीला ते करावंच लागतं.

उलट उखडायचं ठरलं तर काय होतं तेही ऐका. लादी आणि खालचा मसाला मिळून दोन-अडीच इंच. तुमच्या ८० चौरस फुटांतून टनभर तरी माल निघेल, म्हणजे ३० ते ४० गोणी. त्या एका जागी रचून ठेवायच्या नाहीत, त्याच दिवशी खाली गेल्या पाहिजेत. लिफ्टमधून न्यायच्या की जिन्यावरून, हे सोसायटीला आधी विचारा, नाहीतर पहिल्याच दिवशी सेक्रेटरी काम थांबवतो. मोठं ब्रेकर मशीन स्लॅबवर चालवू देऊ नका; छिन्नी-हातोडा किंवा लहान चिपिंग मशीन. जीआयची लाइन लादीखालून जात असेल तर प्लंबरला त्याच दिवशी हजर ठेवा.

आणखी एक पर्याय तुम्ही विचारलेला नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमची मोझेक घट्ट असेल, तुटफूट नसेल, तर ती घासून पॉलिश का करत नाही? मोझेक हा संगमरवराच्या चिप्सचा आणि सिमेंटचा भरीव थर आहे. मशीनने जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत घासलं की खाली नवा पृष्ठभाग निघतो. पायाला थंड, वर खलबत्ता पडला तर खलबत्त्याची काळजी करायची. मोरीच्या जागी मेळ बसणारी लादी मिळणं कठीण, तिथे वेगळ्या रंगाचा तुकडा बसवावा लागतो आणि तो लोकांना आवडत नाही. पण तो भाग सिंकच्या ट्रॉलीखाली जाणार असेल तर कोणाला दिसणार? असो. नवी फरशी हवी तर नवी घेऊ.

इथवरचं थोडक्यात: आधी ओलीचा छडा, मोरीचा भाग काही झालं तरी स्लॅबपर्यंत उघडायचा, आणि बाकीची लादी ठोकून, पट्टी लावून पास झाली तरच वरून फरशी.

आता फरशी निवडू. दुकानात शिरलात की पन्नास नावं कानावर पडतील: डबल चार्ज, जीव्हीटी, पीजीव्हीटी, फुल बॉडी. बहुतेक सगळा माल मोरबीहूनच येतो, त्यामुळे नावाच्या मोहात पडू नका. फरक समजून घ्या. डबल चार्जमध्ये वरचा रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, ओरखडा गेला तरी खाली तोच रंग दिसतो. जीव्हीटीत डिझाइन वर छापून त्यावर काचेसारखा लेप असतो; नक्षी सुंदर, पण कडेचा टवका उडाला की खालचं अंग उघडं पडतं. पीजीव्हीटी म्हणजे तेच, पॉलिश केलेलं. तुम्हाला आवडलेली पांढरी चकचकीत बहुधा यातलीच.

ती घेऊ नका. कारण दिसण्याचं नाही, स्वयंपाकघरात जमिनीवर काय काय घडतं त्याचं आहे. फोडणीचे तुषार ओट्याखाली दोन फुटांपर्यंत उडतात. त्यावर पाण्याचा थेंब पडला की पॉलिश फरशी साबणासारखी होते. सासूबाई विळी घेऊन खाली बसतात, म्हणजे उठताना एक हात जमिनीला टेकवून उठत असणार. तो हात घसरता कामा नये. शिवाय पॉलिशवर प्रत्येक ओरखडा उजेडात चमकतो, आणि ओरखडे पाडायला गॅसचा सिलिंडर आहेच. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास, खाली लोखंडी कडी, आणि आपल्याकडे तो उचलून नेण्यापेक्षा तिरपा करून त्या कडीवर फिरवत नेण्याची पद्धत. जिथे ठेवतो तिथे गंजाचं गोल वळं उमटतं ते वेगळंच.

मॅट घ्या, पण अगदी खरखरीत, खडे उठलेली नको. ती पार्किंगसाठी. तिच्या बारीक खळग्यांत तेल आणि पीठ बसतं आणि ब्रशशिवाय निघत नाही. हाताला रेशमी लागणारी पण ओली असताना पाय धरणारी, अशी मधली निवडायची. बॉक्सवर किंवा कॅटलॉगमध्ये घसरण-रोधाचा आकडा असेल तर आर-१० बघा. नसेल तर माझी पद्धत वापरा: दुकानदाराकडून एक नमुना मागून घरी आणा. अर्ध्या भागावर हळद घातलेलं तेल रात्रभर ठेवा, सकाळी साध्या साबणाने पुसा. डाग उरला तर फरशी बाद. मग ओली करून, थोडं तेल लावून, अनवाणी पायाने दाबून बघा. दुकानातल्या दिव्यांखाली उभं राहून यातलं काहीही कळत नाही.

आकाराचं बोलायचं तर ८ बाय १० च्या खोलीला २ बाय ४ मोठी पडते. मोठी फरशी भट्टीतून किंचित कमानदार निघते, आणि जुन्या लादीवर तिचे कोपरे वर-खाली होतात. २ बाय २ पुरेशी आहे. तिचं खरं माप ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांना थोडं कमी. बॉक्समध्ये साधारण चार नग, साडेपंधरा चौरस फूट. तुमच्या ८० फुटांना पाच बॉक्स आणि थोडं वर लागतं, कापाकापी धरून सहा घ्या. स्कर्टिंगही (भिंतीच्या तळाची पट्टी) त्यातूनच कापायचं असेल तर सात. सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे का, ते टेम्पोतून उतरवतानाच बघा. उरलेल्या दोन-तीन फरश्या माळ्यावर जपून ठेवा, पुढच्या वर्षी तीच बॅच मिळत नाही.

रंग मधला घ्या, राखाडी किंवा मातकट, अंगात थोडी रेघ-ठिपका असलेला. शुभ्र पांढऱ्यावर केस आणि गाजराचा कीस दिसतो, गडद काळ्यावर पीठ आणि पाण्याचे सुकलेले थेंब दिसतात.

बाकीच्या पर्यायांवर फार वेळ घालवत नाही. संगमरवर स्वयंपाकघरात नको. लिंबू, चिंच, कोकम, ताक, काहीही सांडलं की पॉलिश खातं आणि पांढुरका चट्टा कायमचा राहतो. ग्रॅनाइट उत्तम, लेदर फिनिश असेल तर अधिकच, पण जाड आणि वजनदार, त्यासाठी उखडावंच लागेल. कोटा माझ्या आवडीचा. स्वस्त, टणक, पायाला बरा. तोही मसाल्यात बसवायचा दगड आहे आणि तेल पितो, अधूनमधून पॉलिश मागतो. लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट सिंकजवळ फुगतं. व्हिनाइलच्या फळ्या पाण्याला टिकतात, पण जिथे बादलीने पाणी टाकून फरशी धुतात त्या घरात मी लावत नाही.

लावण्याचं काम. व्हिट्रिफाइड फरशी पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. जुन्या पद्धतीने सिमेंटची स्लरी ओतून ती बसवली की स्लरीला धरायला छिद्रंच मिळत नाहीत, आणि काही वर्षांत फरश्या सुटून "बोलायला", म्हणजे पोकळ वाजायला लागतात. म्हणून केमिकल. पोत्यावर आयएस १५४७७ आणि टाइप छापलेला असतो. टाइप १ तुमच्या कामाचं नाही. जुन्या लादीवर चालतं असं कंपनीने पोत्यावर स्पष्ट लिहिलेलंच घ्या आणि तारीख बघा. पावसाळ्यात दुकानात पडून राहिलेलं पोतं आतून गाठाळलेलं असतं. २० किलोच्या पोत्यात साधारण ४० ते ५० चौरस फूट होतात. कंत्राटदार ८० फुटांना एकच पोतं आणतो म्हणाला, तर तो काय करणार आहे हे समजून जा.

काय करणार, तर पाच गोळे ठेवणार. चार कोपरे, एक मध्य, वरून फरशी ठोकली की काम झालं. मधे सगळीकडे हवा. त्या पोकळीवर सिलिंडर आदळला की फरशीला चीर, आणि सिंक गळला की पाणी त्या पोकळ्यांमधून वाट काढत हॉलपर्यंत. बरोबर पद्धत म्हणजे दातेरी थापीने जमिनीवर केमिकल एकाच दिशेने ओढायचं, फरशीच्या पाठीवर सपाट थापीने पातळ हात मारायचा, फरशी ठेवून थोडी मागेपुढे सरकवायची आणि रबरी हातोडीने बसवायची. तुम्ही एक करा. तिसरी-चौथी फरशी लावून झाली की मिस्त्रीला म्हणा, दादा, ही एकदा उचलून दाखवा. पाठ सगळी केमिकलने माखलेली दिसली पाहिजे. चांगला मिस्त्री राग मानत नाही. जो मानतो त्याच्यापाशी दिवसभर उभं राहा.

त्याआधी जुन्या मोझेकची तयारी. तीस-पस्तीस वर्षांचं तेल आणि पॉलिश तिच्या अंगात मुरलेलं असतं, विशेषतः ओट्याच्या पुढ्यात. गरम पाणी आणि कडक साबणाने घासून घ्या, मग ग्राइंडरने किंवा छिन्नीने सगळीकडे खरबरीत करा आणि धूळ पूर्ण काढा. पाणी शिंपडून बघा, थेंब गोळा होऊन बसला तर तेल अजून आहे. मोरीच्या जागचा नवा मसाला निदान आठवडाभर पाणी मारून पिकू द्या. तो सुकताना आकसतो आणि जुन्या-नव्याच्या सीमेवर केसाएवढी चीर देतो. म्हणून फरश्यांची आखणी करताना शक्य तिथे जॉइंट नेमका त्या सीमेवर आणा, फरशीचं पोट नव्हे.

जॉइंट सोडायचाच. "जॉइंटलेस" हा आपल्याकडचा हट्ट आहे, तो मोडा. २ मिलिमीटरचे स्पेसर, आणि भिंतीकडेने पाच-सहा मिलिमीटरची फट, जी स्कर्टिंगखाली लपते. फरशीला हलायला जागा नसेल तर उन्हाळ्यात मधेच तंबू उभा राहतो. जॉइंट भरायला एपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी राळेचा मसाला) घ्या, निदान स्वयंपाकघरात तरी. महाग आहे, पण सिमेंटच्या ग्राउटमध्ये हळद एकदा गेली की गेली. फक्त एपॉक्सी भरल्यावर फरशीवरचं चिकट धुरकट त्याच वेळी पुसून काढायला दोन माणसं हवीत. सुकल्यावर ते निघत नाही. रंग फरशीपेक्षा एक छटा गडद.

आधी फरशी की आधी ओटा, यावर मिस्त्री भांडतात. मी आधी फरशी लावतो, भिंतीपासून भिंतीपर्यंत, ट्रॉलीखालीही. चार-पाच फरश्या जास्त लागतात, पण सिंक गळलं तर पाणी बाहेर येऊन दिसतं, आणि दहा वर्षांनी ट्रॉल्या बदलल्या तर खाली उघडी जमीन निघत नाही. लावलेल्या फरशीवर प्लास्टिक आणि जुनी बारदानं अंथरून मगच कडाप्पा आत आणायचा. उतार किती द्यायचा हे तुमच्या सवयीवर आहे. फक्त पुसत असाल तर सपाट. पाणी टाकून धुत असाल तर ड्राय बाल्कनीकडे शंभराला एक, पण मग सिलिंडर आणि फ्रिजखाली पाचर लागेल हे धरून चला.

दिवसांचा हिशोब: मोरी फोडणं, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, पाण्याची चाचणी, मसाला पिकणं, फरशी, ग्राउट मिळून दोन ते तीन आठवडे. चार दिवस हे नुसत्या फरशीचं आहे. तेवढ्या काळासाठी हॉलमध्ये शेगडी मांडायची तयारी ठेवा. गणपती किंवा दिवाळी तोंडावर असेल तर कामाला हात लावू नका, कारण घाईत नेमकी पाण्याची चाचणी गळते. कंत्राटदाराकडून एकरकमी आकडा घेऊ नका. उखडणं, राडारोडा नेणं, वॉटरप्रूफिंग, केमिकल किती पोती, लावणी चौरस फुटाला, स्कर्टिंग रनिंग फुटाला, ग्राउट कुठलं, असं वेगवेगळं लिहून मागा. शेवटचा हप्ता ग्राउट सुकून, सगळ्या फरश्या पुन्हा एकदा ठोकून बघितल्यावर द्या.

फरशी लावल्यावर २४ तास कोणी पाय ठेवायचा नाही, ग्राउट त्यानंतर. फ्रिज आणि सिलिंडर आत न्यायला आठवडाभर थांबा, आणि सिलिंडरसाठी चाकांची छोटी ट्रॉली आत्ताच घेऊन ठेवा.